‘ऑन युअर लेफ्ट’ म्हटलं, आणि काका डावीकडेच सरकले

ताई, नमस्कार.

मी कॅलिफोर्नियात सॅन रमोनला राहतो. गेलं वर्षभर आयर्न हॉर्स ट्रेलवरून (चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची वाट) इलेक्ट्रिक सायकलने डब्लिन-प्लेझंटन बार्ट (इथली लोकल ट्रेन) स्टेशनपर्यंत जातो. सहा मैल. पुढे ट्रेनने ऑफिस. सध्या आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, आता ७१ वर्षांचे आहेत. ते आणि त्यांच्यासारखेच मुलांकडे आलेले चार-पाच काका रोज सकाळी त्याच ट्रेलवर फिरायला जातात. सगळे एका ओळीत, अख्खा ट्रेल अडवून, गप्पा मारत.

मागच्या मंगळवारी मी मागून आलो, नेहमीसारखी बेल दिली, ‘ऑन युअर लेफ्ट’ असं ओरडलो. सगळ्यात डावीकडचे काका, वय ७४, ऐन वेळी आणखी डावीकडे सरकले. माझं हँडल त्यांच्या दंडाला लागलं. ते पडले, कोपर खरचटलं, मनगट सुजलं. मी पडता पडता वाचलो. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, ‘तुला गाडी चालवायची अक्कल नाही.’ तेव्हापासून आमच्यात ‘चहा झाला का’ यापलीकडे बोलणं नाही. बायको म्हणते, सायकल विकून टाका, कार न्या. माझं म्हणणं, मी नियमाप्रमाणे बेल दिली, आवाज दिला. मग चूक कोणाची? या मंडळींना नीट चालायला कोणी आणि कसं सांगायचं? की मी ट्रेल सोडून रस्त्यानेच जावं?

– एक सायकलवाला, सॅन रमोन

ता. क. हे सगळं होण्याआधी बाबांना माझी सायकल एकदा चालवून बघायची होती. आता तो विषयच निघत नाही.

*

नमस्कार.

सगळ्यात आधी काकांचं मनगट. सूज अजून उतरली नसेल तर एक्स-रे काढायला लावा. पडताना माणूस हात टेकतो आणि सत्तरीत तिथलं हाड पटकन तडकतं. माझ्या ओळखीच्या एका मावशींनी ‘लचकलंय फक्त’ म्हणत दहा दिवस पट्टी बांधली, नंतर फ्रॅक्चर निघालं. काका रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असतील आणि डोक्याला जरा जरी लागलं असेल, तर ‘आता बरं वाटतंय’ यावर विसंबू नका, डॉक्टरला दाखवाच. इकडे आलेली आपली वडीलधारी माणसं दवाखान्याचं नाव काढलं की मनातल्या मनात डॉलरचे रुपये करतात आणि ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून मोकळी होतात. तेव्हा त्यांच्या मुलाला विचारा, विमा कोणता आहे, त्यात पदरचे किती भरावे लागतात, आणि ते पैसे मी देणार हे तुम्हीच आधी सांगा. फोनवर नको. बायकोला घेऊन संध्याकाळी घरी जा. तुमच्या पत्रात बेलचा उल्लेख दोनदा आहे, काकांना भेटून आल्याचा एकदाही नाही, म्हणून हे आधी लिहिलं.

आता चूक कोणाची. तुमची.

रागावू नका. तुम्ही मुद्दाम काही केलं नाही हे मला दिसतंय. पण त्या क्षणी पुढे काय आहे ते तुम्हाला दिसत होतं आणि मागे काय आहे ते काकांना दिसत नव्हतं. मागून येऊन पुढे जायचं तुम्ही ठरवलंत, त्यांनी नाही. ट्रेलच्या पाट्याही तेच सांगतात: सायकलवाल्याने चालणाऱ्याला वाट द्यायची, आणि दोघांनीही घोडेस्वाराला. ‘बेल दिली होती’ याने तुमच्या वाटची जबाबदारी काकांच्या खात्यात जात नाही.

पण मला खरं बोलायचंय ते काका डावीकडेच का सरकले याबद्दल. कारण तुम्हाला वाटतंय ते गोंधळले, आणि मला वाटतं त्यांनी अगदी बरोबर केलं.

आठवा जरा. आपल्या गावच्या रस्त्यावर मागून सायकलची बेल वाजली तर तुम्ही काय करता? मागे न बघता डावीकडे, कडेला होता. कारण आपल्याकडे वाहतूक डावीकडून, आणि पुढे जाणारा उजव्या बाजूने जातो. ही गोष्ट डोक्यात नसते, पायांत असते. काकांच्या पायांत ती सत्तर वर्षं आहे. त्यात तुमचं ते वाक्य. मागून जोरात आलेल्या इंग्रजी वाक्यातला कोणता शब्द कानात शिरेल? शेवटचा. ‘लेफ्ट’. तुमच्या मनात त्याचा अर्थ ‘मी तुमच्या डावीकडून जातोय’. त्यांच्या कानात त्याचा अर्थ ‘डावीकडे व्हा’. पाय सांगतात डावीकडे, कान सांगतो डावीकडे, आणि तुम्ही नेमके डावीकडूनच येताय. अहो, ते उजवीकडे सरकले असते तरच नवल! इथे जन्मलेली माणसंसुद्धा हे ऐकून डावीकडे पाऊल टाकतात, हे तुम्ही वर्षभरात पाहिलं असेलच.

आणखी एक शक्यता. इथे आल्या आल्या पाहुण्यांना कोणीतरी सांगतंच की अमेरिकेत डाव्या बाजूने चालायचं. ते खरंही आहे, पण फुटपाथ नसलेल्या रस्त्यापुरतं, समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून. ट्रेलवर पायी चालणाऱ्यानेही उजवीकडेच राहायचं असतं. दोन नियम उलटसुलट, आणि दुसरा कोणी सांगत नाही. तुम्ही तरी बाबांना सांगितला होतात का?

आता बेल. सायकलीला बसवलेली ती चिमुकली घंटी टिंग करते, बारीक आणि उंच आवाजात. वय झालं की कान आधी नेमके हेच उंच स्वर गमावतात. बोलणं ऐकू येतं, टिंग येत नाही. त्यात वारा तोंडावरून वाहत असेल आणि चार जण एकदम राजकारणावर बोलत असतील तर विचारूच नका. म्हणजे तुमची बेल बहुधा पोचलीच नाही, आणि पोचला तो फक्त एक ओरडा, तोही अगदी पाठीशी.

किती पाठीशी? तुम्ही लिहिलं नाहीत, पण ‘ऐन वेळी’ या शब्दांवरून मी अंदाज बांधते की वीस-पंचवीस फुटांवरून. या ट्रेलवर वेगाची मर्यादा ताशी १५ मैल आहे. त्या वेगाने सायकल सेकंदाला २२ फूट जाते. म्हणजे तुम्ही ओरडल्यापासून हँडल दंडाला लागेपर्यंत काकांकडे सेकंद-दीड सेकंद होता. तेवढ्या वेळात चौऱ्याहत्तरीच्या माणसाने आवाज ऐकायचा, भाषा ओळखायची, डावं-उजवं ठरवायचं आणि पाय उचलायचा! तुमच्या बाजूचंही तसंच. १५ मैलांच्या वेगात काहीतरी अडथळा दिसून, ब्रेक दाबून, पूर्ण थांबेपर्यंत साधारण ५५ ते ६० फूट लागतात. वेग ८ मैलांवर आणलात तर तेच काम २५ फुटांत होतं. इलेक्ट्रिक सायकल पन्नास-साठ पौंडांची, वर तुम्ही, पाठीवर लॅपटॉप. साध्या सायकलच्या धक्क्यात आणि या धक्क्यात फरक असतो.

आणि हा ट्रेल फसवा आहे. नावातच आहे बघा, लोखंडी घोडा, म्हणजे आगगाडी. १८९१ साली सदर्न पॅसिफिकने टाकलेला हा रेल्वेमार्ग, १९७० च्या दशकाच्या शेवटी बंद पडला आणि त्याच्या जागी चालायला-फिरायला वाट झाली. रेल्वेचा मार्ग म्हणून तो सरळ आणि सपाट. चढ नाही, वळण नाही, मोटर मदतीला. वेग कधी वाढला ते कळतच नाही. तुमच्या हँडलवरचा आकडा उद्या बघा. मी पैज लावते, तो १५ च्या वर असतो. हेही सांगते की का असतो: बार्टच्या ब्लू लाइनची ट्रेन वीस मिनिटांनी एक. ती चुकली की साहेबांची मीटिंग चुकली. म्हणून तुम्ही स्टेशनपासून मागे मोजत घरातून निघता, आणि त्या हिशेबात वाटेतल्या माणसांसाठी एकही मिनिट धरलेलं नसतं.

तेवढी मिनिटं मोजू या का? सहा मैलांना १५ च्या वेगाने २४ मिनिटं. वाटेत समजा वीस वेळा माणसांना मागे टाकायचंय. प्रत्येक वेळी वेग आठवर आणून पुन्हा वाढवला तर पाच-सहा सेकंद जातात. वीस वेळा, म्हणजे दोन मिनिटं. एखाद्या घोळक्यामागे थोडं थांबावं लागलं तर तीन. घरून पाच मिनिटं आधी निघा, विषय संपला.

सायकल कोणत्या वर्गाची आहे तेही बघा. कॅलिफोर्नियात इलेक्ट्रिक सायकलचे तीन वर्ग आहेत आणि सायकलवर तसं लेबल असावं लागतं. पहिल्या वर्गात पायडल मारलं तरच मोटर चालते आणि २० मैलांवर बंद होते. दुसऱ्यात थ्रॉटल असतो, म्हणजे मूठ फिरवली किंवा खटका दाबला की पायडल न मारताही सायकल पळते, मर्यादा तीच. तिसरा वर्ग २८ मैलांपर्यंत मदत करतो, आणि त्याला या ट्रेलवर जागा नाही. दोन्ही कानांत इअरफोन घालून सायकल चालवणं या राज्यात कायद्याने मना आहे, तेवढंही लक्षात असू द्या.

बाबांच्या त्या वाक्याकडे येते. ‘तुला गाडी चालवायची अक्कल नाही.’ चारचौघांत बोलले, तुम्हाला लागलं, साहजिक आहे. पण हे कोण बोललं बघा. ज्या माणसाने उभी हयात एसटी हाकली, घाटात उसाच्या ट्रॉल्यांमागे तासतासभर गाडी रांगवली, तो बोलला. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेलं असतं. बाबांना विचारा, हॉर्न दिला की लगेच घुसता का? ते सांगतील: हॉर्न द्यायचा, मग वाट बघायची. पुढचा आरशात बघतो, कडेला घेतो, हात दाखवतो. त्याने साइड दिली की मग निघायचं. साइड मिळेपर्यंत मागेच राहायचं, कितीही उशीर झालेला असो. तुम्ही हॉर्न दिलात आणि साइडची वाट बघितली नाहीत. एसटीच्या ड्रायव्हरला ते दिसलं. सगळ्या जगाने पाहिलं नसतं तरी त्यांना दिसलं असतं, आणि तुम्ही त्यांचा मुलगा.

काकांना तर आरसाही नाही. म्हणून त्यांची साइड ओळखायची खूण वेगळी: मान वळली पाहिजे, किंवा माणूस सावकाश एका बाजूला झाला पाहिजे. तोवर पुढे जायचं नाही.

आता उद्यापासून कसं, ते सांगते. शंभरेक फुटांवर असताना पायडल मारणं थांबवा आणि एकदा बेल द्या. मान वळली तर उत्तम. नाही वळली तर वेग आठच्या खाली आणत जवळ या आणि तोंडाने बोला, साध्या आवाजात, जसं दारात उभं राहून कोणाला हाक मारतो तसं. त्यात लेफ्ट-राइट काही नको. आपल्या मंडळींना ‘काका, मागून सायकल येतेय हं’ पुरे. तुमची मराठी ऐकूनच अर्धा घोळका वळून बघेल, कोण आहे म्हणून. इतरांना ‘गुड मॉर्निंग, बाइक बिहाइंड यू’. त्यांनी पाहिलं की हाताने दाखवा कुठून जाणार ते. मग डाव्या बाजूने, हातभर तरी अंतर ठेवून, चालण्यापेक्षा जरासं जास्त वेगाने निघा, आणि ‘थँक्यू काका’ म्हणा. कोणीच ऐकलं नाही तर एक पाय खाली टेकून त्यांच्या मागे मागे जा. काही बिघडत नाही.

एक सापळा सांगून ठेवते. घोळका कधीकधी दुभंगतो, अर्धे इकडे, अर्धे तिकडे, मधे मस्त रस्ता मोकळा. त्या मोकळ्या रस्त्याला भुलू नका. नवरा उजवीकडे झालेला असतो, बायको डावीकडे, आणि दुसऱ्या क्षणाला तिला वाटतं की आपण चुकीच्या बाजूला आलो. ती धावत नवऱ्याकडे जाते. मुलांचं तर नक्कीच असं होतं: मूल हाक येते त्या दिशेला मान वळवतं आणि मान वळली की पायही वळतात. कुत्र्याचा पट्टा लांबत जाणारा असला तर मालक एका कडेला, कुत्रा दुसऱ्या कडेला आणि मधे दोरी, जी सकाळच्या उन्हात दिसतसुद्धा नाही. अशा ठिकाणी सरळ उतरा.

हे सगळं मला शहाणपणाने सुचलेलं नाही. बारा वर्षांपूर्वी मी याच ट्रेलवर, प्लेझंटनच्या बाजूला, एका पळणाऱ्या मुलीच्या मागून आले. मी बेल दिली होती. तिच्या कानांत ते पांढरे इअरफोन. ती एका खांबापाशी पोचली, खांबाला हात लावला आणि गर्रकन वळली, परत निघायला. तिचा तो ठरलेला खांब होता, रोजचा. मी तिला चुकवायला हँडल फिरवलं आणि थेट वाळक्या गवतात. डाव्या हाताला पाच आठवडे प्लॅस्टर. एका हाताने पोळ्या लाटून बघा म्हणजे कळेल. ती बिचारी रडायला लागली, मीच तिची समजूत घातली, आणि नंतर सहा महिने भेटेल त्याला सांगत सुटले की चूक तिची, तिने मागे बघायला नको? प्लॅस्टर असताना सायकल बंद, म्हणून त्याच वाटेवर पायी जायला लागले होते. पहिल्याच आठवड्यात एक सायकलवाला माझ्या कोपराजवळून सुळ्ळकन गेला. त्याने बेल दिली होती की नाही देव जाणे, मला ऐकू आली नाही. छातीत असं धस्स झालं की मी तिथेच उभी राहिले. त्याला वाटलं असेल, चांगलं तीन फूट अंतर ठेवलं. मला वाटलं, अंगावरून गेला.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: काका मंडळींना तुम्ही काही सांगू नका. निदान सायकलवरून तर नाहीच. येत्या शनिवारी त्यांच्याबरोबर पायी जा. बाबा बोलत नसले तरी चालतं, मागे मागे चाला. मागून सायकल येते तेव्हा काय वाटतं ते तुम्हालाही कळेल आणि ही मंडळी एका ओळीत का चालतात तेही कळेल. दिवसभर ही माणसं घरात असतात. मुलं-सुना ऑफिसात, नातवंडं शाळेत, शेजारी कोण राहतं ते ठाऊक नाही, इथे गाडी चालवता येत नाही. सकाळचा हा तास म्हणजे त्यांचा पार, त्यांचा कट्टा. कट्ट्यावर कोणी एकामागे एक बसतं का? एकामागे एक चाला म्हणालात तर गप्पाच संपतील, आणि मग ते फिरायलाही येणार नाहीत. दोघा-दोघांनी चाला म्हटलं तर ऐकतील. दोन माणसं उजव्या कडेला चालली तरी सायकलला पुरेशी जागा उरते. गप्पा रंगल्या आणि थांबावंसं वाटलं तर डांबरावरून बाजूला होऊन थांबायचं. परत फिरण्याआधी एकदा मागे बघायचं. हिवाळ्यात सकाळी अंधार असतो, तेव्हा ते काळे-करडे स्वेटर सोडून एखादं पांढरं जाकीट घालायचं. बस. याहून जास्त नियम सांगितलेत तर एकही पाळला जाणार नाही.

आणि हे सांगणार कोण, तर बाबा. त्यांना सल्ला देऊ नका, त्यांच्याकडे मागा. ‘बाबा, माझं चुकलं, मी साइड न घेता घुसलो. पण इकडे सगळं उलटं आहे, उजवीकडे राहायचं आणि डावीकडून पुढे जायचं. तुमच्या लोकांना साइड कशी द्यायची ते तुम्हीच शिकवा, माझं कोण ऐकणार.’ एवढं म्हणून बघा. तीस-तीस वर्षं लोकांना सुखरूप घरी पोचवलेला माणूस आहे, सहा महिने तुमच्याकडे सोफ्यावर बसून आहे. त्याला काम मिळेल. माझा तर्क असा की आठवड्याभरात ते शेवटच्या जोडीतल्या एकाला कंडक्टर नेमतील. मागून काही आलं की त्याने ‘साइड!’ म्हणायचं आणि सगळ्यांनी उजवीकडे व्हायचं. एसटीत कंडक्टरची एक टण म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल, तसं काहीतरी ते स्वतःच काढतील. तुम्ही फक्त त्यांच्या पद्धतीने वागा. आणि ‘माझं चुकलं’ हे काकांच्या समोर म्हणा, कारण बाबांचं वाक्यही सगळ्यांसमोर झालं होतं.

रस्त्याने जावं का? रोज नको. आल्कोस्टा बुलेव्हार्डला सायकलची पट्टी आहे, पण ती म्हणजे रंगाची एक रेघ. शेजारून गाड्या चाळीसच्या वेगाने जातात, आणि ट्रेलवर ज्याला तुमची भीती वाटते त्याच्या जागी तिथे तुम्ही असता. मी एक सोपा नियम करून घेतलाय: उशीर झालेल्या दिवशी ट्रेल नाही. घाई असेल तर रस्ता, किंवा सरळ पुढची ट्रेन. घाई नसेल तर ट्रेल, आणि ट्रेलवर आपण शेवटच्या रांगेतले. परतताना अंधार पडला असेल तर पुढचा दिवा खाली डांबराकडे वळवा आणि लुकलुकता ठेवू नका. समोरून चालत येणाऱ्याच्या डोळ्यांत तो सुईसारखा जातो, आणि मग त्याला वाटही दिसत नाही आणि तुम्हीही नाही.

कार न्या या वहिनींच्या सल्ल्यावर मी काही बोलत नाही. 

आता तुमची ती ता. क. बाबांना सायकल द्याच. मला तर वाटतं तीच चावी आहे. पण ट्रेलवर नको. रविवारी सकाळी एखाद्या बंद ऑफिसची रिकामी पार्किंगची जागा शोधा. सीट इतकी खाली करा की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतील. मोटरची मदत पूर्ण बंद ठेवून दोन फेऱ्या, मग सगळ्यात कमी मदतीवर. थ्रॉटल असेल तर त्याला हात लावू नका असं आधीच बजावा. स्कूटरची सवय असलेला माणूस घाबरला की मूठ घट्ट धरतो आणि सायकल आणखी पळते. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या सायकलवर हेल्मेटची सक्ती इथे १८ वर्षांखालच्यांनाच आहे (तिसऱ्या वर्गात सगळ्यांना), पण बाबांना घालायला लावा. ‘मला कशाला’ म्हणतील, तेव्हा वहिनींना पुढे करा.

आणि निघण्याआधी त्यांचा हात धरून दोन्ही ब्रेक दाखवा. आपल्याकडे सायकलच्या उजव्या हाताला बहुतेक वेळा पुढच्या चाकाचा ब्रेक असतो आणि डाव्या हाताला मागचा. इथे विकतात त्या सायकलींना बरोबर उलटं. बाबा सवयीने मागचा समजून डावा करकचून दाबतील, पुढचं चाक जागीच थांबेल आणि ते हँडलवरून पुढे जातील. जागेवर उभ्या सायकलचा डावा ब्रेक त्यांना चार-पाच वेळा दाबायला लावा, पुढचं चाक अडलेलं त्यांच्या डोळ्यांनी बघू द्या, आणि मगच सायकलला मागून धरलेला तुमचा हात सोडा.